सामाईक जोतं

सगळं सुरू झालं ते जिन्याच्या एका कठड्यावरून. नलिनीवहिनींना तो हवा होता आणि राहेगाव नगरपरिषदेला तो नको होता.

तांबट आळीतले जिने म्हणजे जिने कसले, भिंतीला टेकवलेल्या शिड्याच. वहिनींच्या घरातला नऊ पायऱ्यांचा, उभा, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा. वहिनींना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं, डावा गुडघा कधीचाच कामातून गेलेला, आणि स्वयंपाकघर खाली तर झोपायची खोली वर. त्यांच्या वतीने अर्ज केला तो मनोहर करडेने. मनोहर त्यांचा धाकटा दीर, वय त्र्याहत्तर, आळीत अजून हातोडा चालवणारा एकुलता एक तांबट. वडिलांच्या माघारी दोघा भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. आता भाऊ राहिला नव्हता, मनोहरची बायकोही राहिली नव्हती. भिंतीच्या अलीकडे हा एकटा आणि पलीकडे त्या एकट्या. मनोहरला मूलबाळ नव्हतं आणि वहिनींची अपर्णा नोकरीनिमित्त बंगळुरात होती.

अर्जाचं उत्तर सव्वीस दिवसांनी आलं. ‘सदर मिळकत प्रस्तावित व्यापारी पट्ट्यात येत असल्याने निवासी स्वरूपाच्या सुधारणांस परवानगी देता येत नाही.’

“म्हणजे काय म्हणतायत ते, भाऊजी?” वहिनींनी विचारलं.

“म्हणतायत, आळीत पुढे दुकानं होणार. दुकानात म्हातारी माणसं राहत नाहीत, मग कठडा कशाला?”

“पण मी तर आत्ता राहतेय.”

“ते त्यांच्या नकाशात नाही.”

गुपचूप बसवून टाकण्याचीही सोय नव्हती. समोरच्या हजाऱ्यांनी न्हाणीघरात धरायला एक दांडी लावली, तर दोन माणसं येऊन ती उपसून घेऊन गेली. वर भिंतीला पडलेली भोकं बुजवायची नोटीसही देऊन गेली.

हे सगळं ज्या आकड्यासाठी चाललं होतं, तो काय होता ते सांगायला हवं. सत्तरीपुढचं माणूस राहतं अशा प्रत्येक घराच्या फरशीखाली नगरपरिषदेने काचतंतू टाकले होते. केसाएवढी बारीक काच, आणि तिच्यातून सतत धावणारा प्रकाश. वर पाऊल पडलं की फरशी दबते, डोळ्याला कधीच कळणार नाही इतकी कमी, पण तेवढ्यानेही तंतू ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. त्या बदलावरून यंत्राला कळायचं की पाऊल किती जड पडलं, दोन पावलांत किती वेळ गेला, कुठला पाय फरफटतोय, खुर्चीतून उठायला किती खटाटोप पडला. माणूस पडायच्या चार-सहा महिने आधी त्याची चाल बदलते, आणि ते त्याला स्वतःला कळायच्या आत फरशीला कळतं. कोणी धाडकन पडलं आणि पुढची दहा मिनिटं पाऊल वाजलं नाही, तर रुग्णवाहिका आपोआप निघायची. आळीतली दोन माणसं तिने वाचवली होती. शोध खरा होता आणि चांगलाही होता. डॉक्टरांनी तो माणसं वाचवायला काढला, नगरपरिषदेने तो नकाशे रंगवायला घेतला.

घर आणि माणूस एकमेकांना किती झेपतात, त्याचा शंभरापैकी एक आकडा यंत्र काढायचं. त्याचं नाव निवासांक. तो दाराशेजारच्या पाटीवर दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही. सलग तीन महिने तो पंचेचाळीसच्या खाली राहिला की घर ‘ज्येष्ठांच्या निवासास अयोग्य’ ठरायचं, माणसाची रवानगी गावाबाहेरच्या ज्येष्ठनगरात आणि घर व्यापारी पट्ट्यात. कठडा लावला, उंबरा काढला की आकडा वाढायचा. पण पट्ट्यात येऊ घातलेल्या घराला कठड्याची परवानगी नाही, कठडा नाही म्हणून आकडा घसरणार, आणि आकडा घसरला म्हणून घर पट्ट्यात जाणार. ज्याने कोणी हे बसवलं त्याच्या डोक्याला मानलंच पाहिजे.

ज्येष्ठनगर तसं वाईट नव्हतं. सात मजले, रुंद लिफ्ट, गुळगुळीत उतार, दोन वेळचं गरम जेवण. फक्त तिथे धडधाकट माणसं सातव्या मजल्यावर ठेवत आणि अंथरुणाला खिळलेली तळाला, आणि दर तीन महिन्यांनी आकडा बघून माणसाला खाली हलवत. परिचारिकांना ते सोयीचं पडायचं. वहिनींची मैत्रीण सुलोचना सातव्यावर राहायला गेली आणि दीड वर्षात चार वेळा खोली बदलून तळाला आली. ती गेली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

“मरायचं मला काही वाटत नाही, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “पण असं मजल्यामजल्याने नको. मला माझ्या घरात जाऊ द्या.”

मार्चमध्ये त्यांचा आकडा चव्वेचाळीस होता. एप्रिलमध्ये त्रेचाळीस. मे हा तिसरा महिना.

मेच्या पहिल्या आठवड्यात मनोहरकडे एका देवस्थानाच्या मोठ्या हंड्याचं काम आलं. असं काम चार-पाच वर्षांत एखादं यायचं. हंड्याच्या पोटाला आकार द्यायला लाकडी हातोड्याला चामडं गुंडाळून ठोकावं लागतं, आणि तेही जमिनीत कमरेइतक्या खोल पुरलेल्या जुन्या ऐरणीवर. पाच दिवस मनोहर ठोकत होता. सहाव्या दिवशी वहिनी त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“जरा माझी पाटी बघायला या.”

पाटीवर सत्तेचाळीस होते.

“वाढलाय की,” मनोहर म्हणाला.

“वाढलाय खरा. पण परवापासून माझी पाठ धरलीय. दोन दिवस मी खाटेवरून उठलेय ती पाणी प्यायला. मग ही कोण तरणीताठी बाई माझ्या घरात हिंडतेय?”

मनोहर शिकलेला नव्हता, पण ठोका कुठून कुठे जातो हे त्याच्याइतकं राहेगावात कोणाला कळत नव्हतं. भिंत भावांनी नंतर घातली होती. जोतं एकच होतं, वडिलांनी भरलेलं, अखंड दगडाचं. ऐरणीवरचा ठोका जोत्यात उतरून पलीकडच्या फरशीला लागत होता. मनोहरच्या स्वतःच्या घरात याचा काही उपयोग नव्हता. त्याच्या फॉर्मवर ‘व्यवसाय: तांबट’ लिहिलेलं असल्यामुळे यंत्र त्याच्याकडचे ठोके गाळून टाकायचं. वहिनींनी चाळीस वर्षं या घरातली भांडी चिंचेने उजळली होती, कल्हईला बसल्या होत्या, हंडे धरून दिले होते. पण फॉर्म भरायला माणूस आला तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, गृहिणी लिहा. गृहिणीच्या घरातले ठोके गाळायचं यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे जे वाजेल ते पाऊल.

हंडा पोचता झाला, पण ठोके थांबले नाहीत. रोज सकाळी आठ ते साडेदहा मनोहर रिकाम्या ऐरणीवर वहिनींना चालवू लागला. पहिल्या दिवशी त्याने सरळ एका तालात ठोकलं, तर आकडा उलट एकने उतरला. माणूस असं चालत नाही. मग तो डोळे मिटून बसला आणि वहिनींचं चालणं आठवलं. पन्नास वर्षं ते भिंतीपलीकडून त्याच्या अंगात मुरलेलं होतं. उजवा पाय हलका आणि झटकन, डावा जड आणि जरा मागे. चुलीपासून मोरीपर्यंत सहा पावलं, मग थांबणं. मोरीपासून देवापर्यंत नऊ. आयुष्यभर ठोकून त्याचे कान अर्धे गेले होते, समोरच्याने ओरडून बोललं तरच ऐकू यायचं, पण ठोका त्याला तळहाताने कळायचा.

वहिनींनाही या खेळाची गोडी लागली. त्या आपल्या बाजूला बसून भाजी निवडत आणि लक्ष ठेवून असत. ताल बिघडला की लाटणं घेऊन भिंतीवर वाजवत, आणि मग दुपारी आमटीची वाटी घेऊन आल्या की तक्रार करत.

“एवढी लंगडत नाही हो मी.”

“लंगडता. रोज ऐकतोय.”

“आणि देवाजवळ इतका वेळ उभी नाही राहत. पाय दुखतात.”

“यंत्राला कुठे ठाऊक आहे? भक्ती वाढली असं समजेल.”

वहिनी हसत. खरं सांगायचं तर मनोहर त्या दिवसांत सुखी होता. कित्येक वर्षांनी त्याच्या कामाची कोणीतरी वाट बघत होतं. आपण काही चोरतोय असं त्याला वाटलं नाही. तो एका बाईला तिच्या घरात ठेवत होता, आणि तेही तिच्याच पावलांनी. महिन्याच्या मध्यावर आकडा एक्कावन्न झाला. पंचवीस तारखेला छप्पन्न.

अठ्ठावीस तारखेला नगरपरिषदेत आराखड्यावरच्या हरकती-सूचनांची सुनावणी होती. आळीतर्फे गोविंदराव हजारे बोलणार होते. ऐंशीचे गृहस्थ, निवृत्त मुख्याध्यापक, आणि आळीतल्या बारा म्हाताऱ्या माणसांचे न निवडलेले पुढारी. वहिनी यायच्या नव्हत्या. “तिथला जिना चढताना मला धाप लागली तर सगळं मुसळ केरात,” त्या आदल्या दिवशी म्हणाल्या आणि सही केलेला हरकतीचा कागद मनोहरच्या हातात दिला. सुनावणीत आकडे पडद्यावर दाखवणार होते, त्या क्षणाचे. म्हणून त्या सकाळी मनोहर जरा लवकरच बसला आणि मन लावून ठोकू लागला.

सव्वानऊच्या सुमाराला भिंत वाजली. त्याने हात न थांबवता डावा ठोका थोडा हलका केला. भिंत पुन्हा वाजली. आज वहिनी फारच चोखंदळ झाल्या आहेत असं त्याला वाटलं. आवाज नेहमीपेक्षा खालून येत होता, लाटण्याचाही वाटत नव्हता. खाली बसून काहीतरी निवडत असतील, हाताला लागेल त्याने वाजवत असतील. त्याने दोन पावलांमधलं अंतर वाढवलं, मग कमी करून बघितलं, आणि पाच-सात मिनिटांनी भिंत वाजायची थांबली तेव्हा त्याला बरं वाटलं. जमलं म्हणजे. तोच ताल धरून तो साडेदहापर्यंत ठोकत राहिला.

निघताना त्याने त्यांच्या दाराशी उभं राहून हाक मारली. उत्तर आलं नाही. साडेदहा ते साडेअकरा वहिनींचा जप असायचा आणि जपात त्या बोलत नसत. पाटीवर अठ्ठावन्न होते. तो गेला.

सुनावणी आळीने जिंकली. नगररचना विभागातली सहायक ऋतुजा सातपुते हिने पडद्यावर आळीतली घरं एकेक करून दाखवली. तिशीची मुलगी, सरळ. वहिनींच्या घराची पाळी आली तसे हजारे उठून उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसे बोलले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, बिनकठड्याचा जिना, आणि आकडा अठ्ठावन्न. ही घरं अयोग्य कशावरून? समितीच्या अध्यक्षांनी सातपुतेला विचारलं की या आकड्यात काही गडबड तर नाही. “यंत्र मी स्वतः तपासलंय, साहेब,” ती म्हणाली, आणि तसं लिहून सही करून दिलं. तांबट आळी व्यापारी पट्ट्यातून वगळण्यात आली. जिन्यांना कठडे, न्हाणीघरांत दांड्या, सगळ्याला सरसकट परवानगी मिळाली.

मनोहर घरी आला तेव्हा चार वाजत आले होते. त्याने वहिनींचं दार वाजवलं, हाका मारल्या, पुन्हा वाजवलं. कडी आतून होती. मग आळीतल्या दोघांनी खांदे लावून दार उघडलं.

वहिनी जिन्याच्या पायथ्याशी होत्या. तोंड मधल्या भिंतीकडे, उजवा हात लांब करून भिंतीला लावलेला. मुठीचं कातडं सोललं होतं.

डॉक्टर म्हणाले की कमरेचं हाड मोडलं होतं, पण त्याने माणूस जात नाही. डोक्याला मार होता आणि आत रक्त हळूहळू साकळत गेलं. पहिला काही वेळ त्या शुद्धीवर असणार. दोन-अडीच तासांत आणलं असतं तर बहुधा वाचल्या असत्या.

अपर्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. विधी झाले. तिसऱ्या दिवशी सातपुते नोंदी घेऊन येणार होती, कारण पडलेल्या माणसाचा इशारा यंत्राने का दिला नाही, याची चौकशी लागली होती. ती यायच्या आधी हजारे मनोहरच्या ओट्यावर येऊन बसले.

“मला तुझे ठोके ऐकू येत होते,” ते त्याच्या कानाशी वाकून म्हणाले. “महिनाभर. मी काम असेल समजलो. भांडं मात्र एकही बाहेर पडताना दिसलं नाही.”

मनोहरने ऐरणीकडे नजर वळवली.

“मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. ती गेली, ती काही परत यायची नाही. अकरा माणसं आहेत मागे. माझी बायको आहे. हिला सातव्या मजल्यावर नाही ठेवणार ते, थेट तळाला ठेवतील आणि मला वर.” शाळेत कडक म्हणून नावाजलेले हजारे मनोहरचा हात धरून बसले होते. “यंत्र चुकलं म्हणतील. यंत्राला कुठे फाशी देतात?”

सातपुते वहिनींच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसली. अपर्णा समोर, हजारे दाराशी, मनोहर भिंतीला टेकून. ओट्यावरचं बोलणं मनोहरच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. अकरा माणसांतलं प्रत्येक नाव त्याने सकाळपासून मनात म्हणून बघितलं होतं.

“नऊ वाजून बारा मिनिटांनी जड आघात,” सातपुतेने त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. “पण पावलं थांबलीच नाहीत. म्हणून यंत्राने धरलं की घरात काहीतरी जड वस्तू पडली. पुढे साडेदहापर्यंत चौदाशे पावलं आहेत.”

“मोडलेल्या कमरेने माझी आई चौदाशे पावलं चालली?” अपर्णा म्हणाली.

“मला नाही सांगता येत, ताई. सुनावणीत मीच लिहून दिलं होतं की यंत्र नीट आहे. कुठेतरी माझंच चुकलं असणार.” तिने कागद सतरंजीवर ठेवला. “माझ्यावर कारवाई होईल, ती होऊ दे. पण मला कळत नाहीये ते कसं झालं.”

मनोहरने दाराकडे पाहिलं. हजाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. यंत्राला फाशी देत नाहीत हे खरं, पण ही पोर यंत्र नव्हती, आणि पलीकडे बसलेली अपर्णा आयुष्यभर त्या चौदाशे पावलांचा हिशोब लावत बसणार होती.

“चुकलं नाही तुझं,” तो म्हणाला. “पावलं माझी आहेत.”

मग त्याने सगळं सांगितलं. जोतं, ऐरण, चामडं गुंडाळलेला हातोडा, महिनाभराच्या सकाळी. सातपुते लिहिता लिहिता थांबली.

“काका, हे मी लिहिलं तर सामाईक जोत्यावरच्या सगळ्या घरांचे आकडे रद्द होतात. तुमची अख्खी आळी तशीच आहे. सुनावणीचा निर्णय उरणार नाही. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. लिही.”

हजारे उठले आणि बाहेर गेले. सातपुतेने लिहिलं. अपर्णा मात्र कागदाकडे पाहतच नव्हती. ती जिन्याच्या पायथ्याकडे पाहत होती, मग भिंतीकडे. मग ती मनोहरकडे वळून मोठ्याने म्हणाली,

“ती भिंतीशीच होती, काका. तिच्या मुठीला लागलं होतं. तिने भिंत वाजवली असणार.”

हे कोणी लिहिणार नव्हतं. चौकशीला त्याची गरज नव्हती. मनोहरने नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याचे कान गेलेत हे सगळ्या घराला ठाऊक होतं. तो भिंतीला टेकलेला पुढे झाला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू म्हणाला, “वाजवली.”

“तुम्हाला ऐकू आली?”

“आली. पाच-सात मिनिटं वाजत होती.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मला वाटलं, माझा ठोका चुकतोय,” मनोहर म्हणाला. “मी तो सुधारला.”